पॅडेड सायकलिंग शॉर्ट कशी पारखावी, कशी टिकवावी

दुकानात पॅडेड शॉर्ट हातात आली की बहुतेक जण पॅड अंगठ्यानं दाबून बघतात. जितका जाड, जितका मऊ, तितका चांगला, असा हिशोब करून ती घेऊन येतात. मग रविवारी पहाटे कोल्हापुरातून पन्हाळ्याला जाऊन-येऊन जेमतेम ४० किलोमीटर होतात आणि घरी येईतो जांघा काचलेल्या असतात.

मिनिटाला ८० फेरे या गतीनं पेडल मारलं तर तासाभरात प्रत्येक पाय ४,८०० वेळा खाली-वर होतो. तेवढ्या वेळा मांडीची आतली बाजू सीटच्या कडेला घासते. प्रत्येक फेऱ्याला पॅड दोन मिलिमीटर जरी सरकला तरी कातडीवर कानस फिरवल्यासारखं होतं. म्हणून पॅडला विचारायचा पहिला प्रश्न मऊपणाचा नाही. तो अंगाला चिकटून जागच्या जागी राहतो का, हे आधी बघायचं. पॅडचा आकार, कापडाचा ताण, शिवण, माप आणि धुणं या सगळ्यांचा संबंध शेवटी तिथेच येतो.

आधी सीट तपासा

सीटची चूक शॉर्ट झाकू शकत नाही. सीट उंच असली की पेडल खाली जाताना कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि बहुधा एकाच बाजूला फोड येतात. सीटचं टोक वर उचललेलं असलं की पुढचा नाजूक भाग दबतो, मुंग्या येतात, बधिर होतो. टोक फार खाली झुकलं असेल तर माणूस सारखा पुढे घसरतो आणि त्याबरोबर पॅडही मागे गोळा होतो. या तिन्ही तक्रारी घेऊन लोक महागडी शॉर्ट शोधत फिरतात, आणि दुरुस्ती असते ती एका ॲलन कीची.

उंची बघायची सोपी रीत: भिंतीला हात टेकवून सायकलवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या. पाय सरळ व्हावा, पण कंबर कलू नये. सीटच्या सपाटीसाठी तिच्यावर कडक पुठ्ठ्याची वही आडवी ठेवा आणि वहीवर गवंड्याची पाणसळ. बुडबुडा मध्ये आला की झालं. सीटवर वेगळं जेलचं कव्हर चढवलेलं असेल तर पॅडेड शॉर्ट घालण्याच्या दिवशी ते काढा. मऊवर मऊ ठेवलं की दोन्ही थर एकमेकांवर सरकतात.

आता स्वतःचं माप. बसल्यावर वजन पेलणारी दोन हाडं असतात, त्यांच्यातलं अंतर काढायचं. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा कडक स्टुलावर किंवा पायरीवर ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, पुढे वाका, टाचा किंचित उचला आणि अर्धा मिनिट तसेच राहा. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खड्डे दिसतील. एका खड्ड्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टीनं मोजा. बहुतेकांचं माप १०० ते १४० मिलिमीटरच्या दरम्यान येतं, बायकांचं सहसा थोडं जास्त. हा आकडा खिशात ठेवूनच दुकानात जा.

पॅड

पाकिटावर कधी कधी 'शॅमी' असा शब्द येतो. युरोपातल्या डोंगराळ भागातल्या शॅम्वा या जनावराच्या कातड्यावरून तो आला. पूर्वी शॉर्टच्या आत खरोखरचं कमावलेलं कातडं शिवलेलं असे. धुतल्यावर ते कडक होई, म्हणून त्याला क्रीम चोळावं लागे. आज आत असतो तो पॉलियुरेथेनचा फोम आणि त्यावर पॉलिस्टर किंवा नायलॉनचं मऊ कापड.

फोमची जाडी आणि घनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जास्त मोल घनतेला आहे. घनता किलो प्रति घनमीटरमध्ये सांगतात. रंकाळ्याच्या फेऱ्या, विद्यापीठाचा चढ, घर ते ऑफिस अशा तास-दीड तासाच्या चालवण्याला ६०च्या आसपासचा फोम पुरतो. पन्हाळा, जोतिबा, नृसिंहवाडी अशा दोन ते पाच तासांच्या फेऱ्यांना ८० तरी हवा. त्यापुढच्या पल्ल्याला, किंवा २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरी करायची बीआरएम ही लांब पल्ल्याची सायकल-फेरी डोळ्यापुढे असेल तर हाडांखालचा भाग १०० ते १२०चा बघा. चांगल्या पॅडमध्ये हाडांखाली घट्ट आणि कडेला हलका अशा दोन-तीन घनता एकत्र असतात. जाडी १० ते १५ मिलिमीटरच्या आत असली तरी बास.

वजन जास्त असणाऱ्यांनी तर जाड पॅडच्या मोहात पडूच नये. सैल फोम त्या वजनाखाली अर्ध्या तासात चपटा होतो आणि हाडं थेट सीटला लागतात. उरलेली जाडी मधल्या नाजूक भागात वर येते, म्हणजे नको तिथे दाब वाढतो. अशा माणसाला जास्त घनतेचा फोम लागतो.

दुकानात लेबलवर घनता लिहिलेली नसेल तर हातानं बघा. पॅडचा सगळ्यात जाड भाग अंगठा आणि तर्जनी यांच्यात जोरानं दाबा. दोन बोटं एकमेकांना जवळजवळ लागली तर तो फोम लांबच्या पल्ल्याचा नाही. दाब सोडल्यावर तो लगेच वर यायला हवा. खळगा हळूहळू भरत असेल तर दोन-तीन महिन्यांत तो तसाच बसून राहील. मग पट्टी काढा. जाड भागाची रुंदी तुमच्या हाडांच्या मापापेक्षा दोन्ही बाजूंनी निदान दोन-दोन सेंटिमीटर जास्त भरली पाहिजे. हाड जाड भागाच्या कडेवर आलं की तीच कड तासाभरानं टोचायला लागते.

पॅडच्या कडा बोटानं चाचपा. त्या उतरत उतरत कापडात मिसळायला हव्यात. कडेला जाड ओव्हरलॉकची शिवण उभी राहिलेली असेल तर ती शॉर्ट तिथेच ठेवून द्या. काचण्याची सुरुवात नेमकी त्या रेषेवर होते.

पाकिटावरच्या '३डी', '१९डी', '२०डी' या आकड्यांना काही अर्थ नाही. त्यामागे कुठलंही ठरलेलं मोजमाप नसतं. जेलच्या पॅडबद्दलही सावध राहा. जेलमधून हवा जात नाही, एप्रिल-मेच्या उन्हात तो तापतो आणि स्वस्त पॅडमध्ये त्याचे गोळे एका बाजूला सरकतात.

बसण्याच्या ढबेप्रमाणे पॅड बदलतो. हायब्रिड किंवा एमटीबीवर (माउंटन बाइकवर) पाठ बऱ्यापैकी ताठ असते, वजन मागे पडतं, तिथे मागच्या बाजूला रुंद पॅड हवा. रोड सायकलवर माणूस वाकतो, वजन पुढे येतं, तिथे पॅड पुढपर्यंत आलेला आणि मधे खाच असलेला बरा. बायकांनी पुरुषांची लहान साइज घेऊ नये. बायकांच्या पॅडचा मागचा भाग रुंद आणि एकूण लांबी कमी असते. पुरुषांच्या पॅडमधली खाच आणि पुढचा उंचवटा त्यांच्या अंगाला चुकीच्या जागी येतो.

कापड आणि शिवण

इचलकरंजीच्या शेजारात राहणाऱ्यांना कापड उजेडाकडे धरून बघायची सवय असते. इथेही तीच उपयोगी पडते, फक्त हे कापड मागावरचं नाही, होजिअरीसारखं निटिंगचं आहे, त्यामुळे ताणून बघावं लागतं. मागच्या, बुडाच्या भागाचं कापड दोन्ही हातांत धरा, आडवं ताणा आणि उजेडाकडे करा. काळं कापड पांढुरकं पडून आरपार दिसायला लागलं तर पुढे झुकल्यावर तेच होणार, आणि सहा महिन्यांनी न झुकताही. नंतर उभं ताणा. दोन्ही दिशांना सारखं ताणलं जाऊन लगेच मूळ मापावर येणारं कापडच घ्या. एकाच दिशेला ताणलं जाणारं कापड गुडघा वर आला की पॅडला ओढतं.

लेबलवर नायलॉन किंवा पॉलिस्टरसोबत १५ ते २५ टक्के इलास्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, असावं. लायक्रा हे त्याच धाग्याचं एका कंपनीचं नाव. १९५८ मध्ये अमेरिकेत ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत तो तयार झाला. नायलॉन हाताला मऊ लागतं आणि घासण्याला जास्त टिकतं, पॉलिस्टर लवकर वाळतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हा फरक छोटा नाही. कापसाचं प्रमाण जास्त असलेली शॉर्ट सायकलसाठी घेऊ नका. कापूस घाम धरून ठेवतो आणि ओली कातडी कोरड्या कातडीपेक्षा लवकर सोलवटते.

शॉर्ट उलटी करा. शिवणी सपाट, म्हणजे फ्लॅटलॉक हव्यात. बोट फिरवल्यावर उंचवटा लागू नये. हाडांखाली किंवा मांडीच्या आतल्या बाजूला जाड शिवण येत नाही ना, बघा. शिवण दोन्ही हातांनी ताणा. टचटच असा आवाज आला तर धागा कापडाइतका ताणला जात नाही, तो लवकरच तुटणार. शॉर्ट किती तुकड्यांची आहे हेही मोजा. चार तुकड्यांची मांडीला सरळ नळकांड्यासारखी बसते. सहा किंवा आठ तुकड्यांची अंगाच्या वळणाप्रमाणे बसते. पण तुकडे वाढले की शिवणीही वाढतात, त्यामुळे वाईट शिवलेल्या आठ तुकड्यांपेक्षा नीट शिवलेली सहा तुकड्यांची कधीही चांगली.

मांडीच्या टोकाला सिलिकॉनची ग्रिप असते. आतून रुंद पट्टी आणि तिच्यावर बारीक ठिपके असतील तर दाब सगळीकडे वाटला जातो. एक सेंटिमीटरचं अरुंद इलॅस्टिक मांडीत रुततं. सिलिकॉननं ज्यांना खाज येते त्यांनी नुसत्या रुंद ताणाच्या पट्टीची शॉर्ट शोधावी.

घालून बघताना

साइज कंबरेवरून ठरवू नका. कंबरेचं इलॅस्टिक वाटेल तसं जमवून घेतं. खरं माप नितंबाच्या सगळ्यात रुंद भागाचं आणि मांडीच्या वरच्या घेराचं. टेपनं ही दोन्ही मोजा आणि तक्त्यात नितंबाच्या मापाची साइज बघा. दोन साइजच्या मधे अडकलात तर सहसा लहान घ्या, कारण ओलं झाल्यावर कापड सैलावतं. युरोपीय मापाच्या शॉर्ट्स मात्र आपल्याकडच्या कपड्यांपेक्षा एक साइज लहान निघतात. तिथे नेहमीचा 'एम' धरून मागवलं तर फसगत होते.

ट्रायल रूममध्ये अंतर्वस्त्रावरूनच घाला, ते शिष्टाचाराला धरून. पण आरशापुढे ताठ उभं राहून निर्णय घेऊ नका. सायकलवर असल्यासारखं पुढे वाका, हात पुढे करा. कंबरपट्टी मागून खाली घसरून पाठ उघडी पडते का? स्टुलाच्या टोकावर बसून एकेक गुडघा छातीकडे उचला. पॅड अंगाबरोबर वर आला तर ठीक, मधे पोकळी राहिली तर माप मोठं आहे. पाच-सहा उठबशा काढा आणि पॅड जागेवरच आहे का ते हातानं चाचपा. मांडीच्या पट्टीखाली एक बोट थोड्या जोरानं जायला हवं. दहा मिनिटांनी शॉर्ट काढल्यावर पुसट वण दिसला तर हरकत नाही, खोल लाल वळ उठला तर तासाभरात पाय जड होणार.

खांद्यावरून पट्टे जाणारी बिब शॉर्ट उभं राहिल्यावर खांदे खाली ओढल्यासारखी वाटते. वाकल्यावर तो ओढा गेला तर माप बरोबर आहे. कंबरेला इलॅस्टिक नसल्यामुळे पोट दबत नाही आणि पॅड वरून धरलेला राहतो, म्हणून तीन तासांवरच्या चालवण्याला बिबच चांगली. अडचण लघवीला थांबण्याची आहे. बायकांसाठी मागून सुटणाऱ्या क्लिपच्या किंवा ताणून खाली घेता येणाऱ्या बिब मिळतात. त्या मिळत नसतील तर उंच, रुंद कंबरपट्टीची साधी शॉर्ट घ्यावी.

नवी कोल्हापुरी चप्पल आधी चावते, तेल पाजून चार दिवस घातली की पायाला बसते. शॉर्टकडून ती आशा ठेवू नका. इलास्टेन आणि फोम दिवसेंदिवस सैलच होत जातात. शिवण पहिल्या दिवशी जिथे टोचली तिथेच ती ५०० किलोमीटरनंतरही टोचते. म्हणून ऑनलाइन मागवलेली शॉर्ट आल्या दिवशीच, लेबल न काढता, घरातल्या घरात सायकलवर अंतर्वस्त्रासकट दहा-पंधरा मिनिटं घालून बघा आणि शंका आली तर परत पाठवा. उलटी करून काढलेला आतला फोटो जिथे दिलेला नाही तिथून मागवूच नये.

गावातून, देवळातून जायचं असेल आणि नुसत्या लायक्रात अवघडल्यासारखं होत असेल तर आत घालायच्या जाळीदार पॅडेड शॉर्ट्स मिळतात, त्यावरून सैल हाफ पँट घालता येते. त्या पातळ असतात, दोन तासांपर्यंत ठीक. जोतिबाला किंवा नृसिंहवाडीला दर्शनाला थांबणाऱ्यांनी पातळ ट्रॅक पँट गुंडाळून खिशात ठेवावी, ते जास्त सोयीचं.

वापरताना

पॅडेड शॉर्टच्या आत दुसरं काही घालायचं नाही. ही गोष्ट नवीन माणसाला पटत नाही, पण पॅडचं कापड कातडीला थेट लागावं म्हणूनच बनवलेलं असतं. आत सुती अंतर्वस्त्र घातलं की त्याची शिवण पॅड आणि कातडीच्या मधे येते, घाम तिथेच साचतो, आणि सगळा खर्च वाया जातो.

दीड-दोन तासांवर जायचं असेल तर पाण्यानं धुऊन जाणारं, काचू नये म्हणून लावायचं क्रीम घ्या. एक छोटा चमचा पुरे. अर्धं कातडीला, अर्धं पॅडच्या घासणाऱ्या भागाला. पेट्रोलियम जेलीनं काम भागतं, पण ती पॅडमधून नीट धुऊन निघत नाही आणि फोम चिकट होतो. टाल्कम पावडर लावू नका. घामानं तिचे गोळे होतात आणि तेच घासतात. तिथले केस पूर्ण काढण्याऐवजी कात्रीनं बारीक करा. रेझर फिरवल्यावर खुंट आत वळतात आणि केसतूड होण्याची शक्यता वाढते.

सगळ्यात जास्त नुकसान सायकल थांबल्यावर होतं. पन्हाळ्यावर पोचून झुणका-भाकर आणि दही समोर आलं की तासभर ओल्या शॉर्टवर बसणं होतं. ऊब, ओल आणि दाब एकत्र आले की जंतूंना आणखी काही लागत नाही. फार वेळ थांबायचं असेल तर कोरडा कपडा बरोबर न्या, निदान उभं राहून खा. घरी आल्यावर पहिलं काम शॉर्ट काढून साबणानं अंघोळ, फोन आणि चहा नंतर. तालमीतल्या पैलवानाला रोजच्या रोज धुतलेला लंगोट का लागतो हे ज्याला कळतं, त्याला एकदा घातलेली शॉर्ट न धुता पुन्हा घालायची नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पुटकुळी आलीच तर दोन-तीन दिवस सायकल बंद ठेवा, जागा धुऊन कोरडी ठेवा, दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्याच्या कापडानं शेका. फोडू नका. लाली पसरायला लागली, ताप आला किंवा मधुमेह असेल तर थेट डॉक्टरकडे.

धुणं आणि वाळवणं

शॉर्ट उलटी करून थंड किंवा फार तर ३० अंशांच्या पाण्यात, नेहमीच्या अर्ध्या मापाच्या लिक्विड डिटर्जंटनं धुवा. पावडर फोममध्ये अडकून राहते आणि पुढच्या फेरीत खाज येते. मशीनमध्ये टाकायची तर जाळीच्या पिशवीत, हलक्या धुलाईवर, आणि चेन किंवा हुकवाल्या कपड्यांबरोबर नाही. एक जादा खळबळणी द्या. ब्लीच बिलकूल नको, क्लोरीननं इलास्टेन कुजतं. सॉफ्टनरही नको, त्याचा थर बसून कापड घाम शोषून बाहेर टाकेनासं होतं. इस्त्री आणि ड्रायर दोन्ही वर्ज्य.

पिळू नका, पिळल्यानं फोमचे थर सुटतात. कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून वरून दाबा, पाणी टॉवेलमध्ये उतरतं. मग पॅड बाहेरच्या बाजूला ठेवून सावलीत, वाऱ्यावर टांगा. कडक उन्हात रंग आणि ताण दोन्ही जातात. जून ते सप्टेंबरमध्ये कापड हाताला कोरडं लागतं पण पॅडच्या मध्यात ओल असते. तो भाग टिश्यू पेपरनं दाबून बघा, कागद ओलसर झाला तर अजून वाळायचं आहे. रात्रभर पंख्याखाली ठेवा. आठवड्यातून तीनदा चालवणाऱ्यानं पावसाळ्यात दोन शॉर्ट्सवर भागवू नये, तीन ठेवाव्यात. गगनबावड्याच्या वाटेवर भिजलेली, चिखल उडालेली शॉर्ट आल्या आल्या आधी साध्या पाण्याखाली धरा. चिखलातली बारीक वाळू शिवणीत राहिली की प्रत्येक पेडलला धागा कापत जाते.

उसवली तर

शिवण उसवली म्हणून शॉर्ट टाकायची गरज नाही, पण शिंप्याला नीट सांगावं लागतं. सरळ टीप घातली तर कापड ताणलं की ती तुटणार. झिगझॅग किंवा ओव्हरलॉक टीप, पॉलिस्टरचा धागा आणि होजिअरीसाठीची बोथट टोकाची सुई, या तीन गोष्टी मागा. साध्या टोकदार सुईनं कापडातला ताणाचा धागा तुटून भोक पडतं. पॅडवरून मात्र टीप मारू देऊ नका. तिथे नवी शिवण म्हणजे काचणारी नवी रेघ.

हाडांखालचा फोम कडेच्या फोमपेक्षा पातळ लागायला लागला, बुडाच्या कापडातून केसासारखे पांढरे धागे बाहेर आले किंवा मांडीची पट्टी चालवताना वर चढायला लागली, यातली एक गोष्ट दिसली की ती शॉर्ट लांबच्या फेरीतून काढा. काही दिवस ती दूध आणण्यापुरती, भाजीपुरती चालेल. दोन गोष्टी दिसल्या की तेवढ्यालाही घालू नका.